लहरी अडवण्याचं गणित

माद्रिदमधल्या हुआन मार्च फाउंडेशनकडे युसेबिओ सेम्पेरे यांचं एक शिल्प आहे: ठरावीक अंतरावर उभ्या केलेल्या पोलादी नळ्या. १९९५ साली स्पॅनिश संशोधकांनी त्यातून आवाज सोडला, तेव्हा १६७० हर्ट्झच्या आसपासचा सूर पलीकडे क्षीण होऊन पोचला. याचं घन पदार्थांतलं गणित दोनच वर्षं आधी कुशवाहा आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं, पण त्यात लहरींना पुरती बंदी होती ती फक्त अवतरंगांपुरती, म्हणजे कण आडवे हलवणाऱ्या लहरींपुरती.

पद्धत साधी. रचनेतला एकच घटक घ्यायचा, फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनसाठी वापरलेली अट त्याच्या कडांना लावायची आणि कोणत्या वारंवारतेला वाट मिळते ते शोधायचं. घटक अनंत वेळा येतो हे गृहीतच. अडचण एवढीच, की लांब लहर अडवायची तर घटकही तेवढाच मोठा हवा.

ती अडचण २००० साली हाँगकाँगला सुटली. पिंग शेंग यांच्या गटानं सेंटिमीटरभर व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर अडीच मिलिमीटर सिलिकोन रबर चढवलं आणि ते इपॉक्सीत बसवले. घटक जेमतेम दीड सेंटिमीटरचा, तरी चारशे हर्ट्झच्या आसपासची, त्याच्या शेकडो पट लांबीची लहर अडली. रबर स्प्रिंगसारखं वागतं. अनुस्पंदनाच्या जरा वर गेलं की इपॉक्सी एकीकडे आणि गोळा उलट दिशेला. हिशेबात वस्तुमान ऋण निघतं. (मूळ लेखात ऋण होती ती स्थितिस्थापकता, वस्तुमानाच्या खात्यावर ते नंतर गेलं.)

मग वस्तूभोवतून प्रकाश वळवून ती लपवणाऱ्या आवरणांचं गणित घन पदार्थाला लावायची घाई झाली. २००६ मध्ये मिल्टन, ब्रियान आणि विलिस यांनी त्या उत्साहावर पाणी पाडलं. घन पदार्थात अनुतरंग आणि अवतरंग सीमेवर एकमेकांत बदलतात, आणि निर्देशक वाकवले की नेहमीचं समीकरण आपलं रूप टिकवत नाही. ताण वेगाशीही जोडला जातो. माझ्या मते या काळातलं सर्वांत मोलाचं काम हेच. प्रसिद्धी मात्र आवरणांनी खाल्ली.

२०१२ मध्ये ग्रनोब्लजवळ मातीत ३२ सेंटिमीटर व्यासाची, पाच मीटर खोल भोकं पाडून ५० हर्ट्झची लहर बरीचशी परतवली गेली. चर्चा लगेच भूकंपापर्यंत गेली. इमारतींना धोका असतो तो मुख्यतः १० हर्ट्झखालच्या लहरींचा, आणि त्यांची लांबी मातीत शेकडो मीटरपर्यंत जाते. तिथे पाच मीटरची भोकं पुरत नाहीत.