तोस्काची उडी आणि टायबरचं पाणी

‘ला तोस्का’ या नाटकाबद्दल एका वाचकानं विचारलं आहे : रोमच्या सांत आंजेलो किल्ल्याच्या माथ्यावरून उडी घेणारी नायिका तोस्का नदीत पडते की दगडावर? प्रश्न झकास आहे. त्याचा पाठलाग करताना हे नाटक लिहिणाऱ्या व्हिक्टोरिअन सार्दूची सगळी कार्यपद्धती हाती लागते.

आधी जागा पाहू. सम्राट हेड्रियनची ही समाधी पुढे किल्ला झाली. ती टायबरच्या उजव्या तीरावर, पुलासमोरच उभी आहे. पण मधल्या गोल इमारतीला चौकोनी तटबंदीचा वेढा आहे आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर बुरूज आहेत. माथ्यावरून उडी घेतलेलं माणूस या तटाच्या आतच कोसळणार. नदी तिथून दूर राहते.

सार्दूची टायबर तर याहून स्वच्छंदी होती! 1899 च्या जानेवारीत संगीतकार पुचिनी या नाटकावरच्या ऑपेराच्या कामासाठी त्याला पॅरिसमध्ये भेटला. शेवटच्या अंकाचा देखावा समजावताना सार्दूनं नदी थेट सेंट पीटर्स आणि किल्ला यांच्या मधून वाहवली. पुचिनीनं सांगून पाहिलं की नदी किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूनं वाहते. ते खरंच होतं. सेंट पीटर्स आणि किल्ला एकाच तीरावर आहेत, आणि पोपना संकटात व्हॅटिकनमधून किल्ल्यात पळता यावं म्हणून बांधलेली तटावरची वाट आजही तिथे आहे. सार्दूनं ते किरकोळ म्हणून उडवून लावलं. हा किस्सा पुचिनीनं आपला प्रकाशक रिकॉर्डी याला पत्रानं कळवला. तोस्काला मारल्याशिवाय सार्दू ऐकायला तयार नाही, हेही त्याच पत्रात आहे.

पुचिनीचा पिंड वेगळा. सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा सूर नेमका कोणता, याची त्यानं एका धर्मगुरूकडे चौकशी केली होती. पहाटेच्या घंटा ऐकायला तो स्वतः किल्ल्यावर चढला होता.

मग सार्दू बेफिकीर होता का? मुळीच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस त्याला गल्लीबोळांसकट पाठ होतं. ‘ला तोस्का’ही 17 जून 1800 च्या दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे संपतं, आणि ही तारीख फार विचारानं निवडलेली आहे. 14 जूनला मारेंगोच्या रणांगणावर दुपारपर्यंत ऑस्ट्रियाचा सेनापती मेलास जिंकल्यात जमा होता. संध्याकाळी पारडं फिरलं आणि नेपोलियन जिंकला. म्हणजे रोममध्ये ऑस्ट्रियाच्या विजयाची बातमी आधी, पराभवाची मागून. या दोन बातम्यांमधल्या फटीत सार्दूनं फार्नेझे महालातला जल्लोष बसवला, तोस्काला गायला उभं केलं आणि ऐन समारंभात नेपल्सची राणी मारिया कारोलिना हिच्या हाती पराभवाचं पत्र ठेवलं. रचना अशी असावी!

खरी राणी त्या दिवसांत रोममध्ये नव्हतीच. ती लिव्होर्नोला होती. कथानकाला पुढे ढकलणारी तारीख सार्दू घट्ट धरतो. राणीचा मुक्काम आणि नदीचा प्रवाह मात्र देखावा चांगला दिसेल तिकडे वळवतो. ऐतिहासिक नाटक लिहिणाऱ्यानं हा विवेक त्याच्याकडून जरूर शिकावा.

तोस्काच्या उडीची खरी किंमत मोजली ती अभिनेत्री सारा बर्नहार्टनं. 1887 मध्ये पॅरिसच्या पोर्त सँ-मार्तँ नाट्यगृहात पहिली तोस्का तिनंच उभी केली. 1905 मध्ये रिओ द जानेरोच्या प्रयोगात हीच उडी घेताना तिचा उजवा गुडघा दुखावला. दुखणं बळावत गेलं आणि 1915 मध्ये तो पाय कापावा लागला. त्यानंतरही ती रंगमंचावर येत राहिली.

तेव्हा प्रश्नकर्त्या वाचकाला उत्तर : दगडावर.