सल्ल्याखाली पुढची तारीख लिहा

माजलगाव तालुक्यातल्या गावात आशाताई तिशी ओलांडलेल्या माणसाचा, मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांची जोखीम मोजणारा सीबॅक फॉर्म भरते, तेव्हा कमरेला टेप लावते, तंबाखू-दारूचं विचारते आणि आठवड्यात किमान १५० मिनिटं अंगाची हालचाल होते का, हेही विचारते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली, बाईची ८० च्या वर गेली, की गुण वाढतात. बेरीज चारच्या पुढे गेली, की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. पण फॉर्म फक्त जोखीम मोजतो, सवय बदलत नाही. त्यासाठी त्याच बैठकीत दोन नेमकी वाक्यं बोलावी लागतात आणि त्यानंतर कुठं, कधी यायचं तेही सांगावं लागतं.

एवढ्याशा बोलण्यानं काय होणार, ही शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये १,८८२ लठ्ठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यात काहींना डॉक्टरांनी वजन कमी करायला नुसतं सांगितलं. बाकीच्यांना बारा आठवड्यांच्या मोफत वर्गाला जायचं सुचवलं आणि तयार असेल त्याचं नाव तिथंच नोंदवलं. वर्षभरानं पहिल्यांचं वजन सरासरी एक किलोनं उतरलं, दुसऱ्यांचं सुमारे २.४ किलोनं. रुग्णाला वाईट वाटेल, ही भीतीही फोल ठरली. दर पाचातल्या चौघांना ते बोलणं योग्यच वाटलं. न्यूझीलंडमध्ये ८७८ रुग्णांच्या अभ्यासात (२००३) व्यायामाचा सल्ला चिठ्ठीवर लिहून दिला आणि नंतर फोनवर विचारपूस ठेवली. वर्षानं या लोकांचा फावल्या वेळातला व्यायाम इतरांपेक्षा आठवड्याला सुमारे ३४ मिनिटांनी जास्त वाढला होता. हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण एवढ्या कमी खर्चात एवढं पदरी पडत असेल, तर ते सोडू नये.

ऊसतोड करणाऱ्याला 'रोज चाला' म्हणणं मात्र चेष्टाच होईल. फडात दिवसभर राबणाऱ्याशी बोलायचं ते तंबाखूबद्दल आणि मिठाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी हवं, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. चालण्याचा सल्ला मोंढ्यातल्या गादीवर, कचेरीच्या खुर्चीवर किंवा गाडीच्या स्टिअरिंगमागे दिवस काढणाऱ्यासाठी. गरिबाला फळं-सुकामेवा सांगू नये, हा आक्षेपही खरा आहे. पण चहातली साखर निम्मी करायला पैसे लागत नाहीत आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा हे इथल्या घरातलंच अन्न आहे.

उरतो प्रश्न वेळेचा. आशाताईच्या डोक्यावर कामांचा ढीग आहे, तिला हे फुकट करायला लावणं अन्याय होईल. शिवाय दसरा-दिवाळीनंतर कोयता बाहेर पडला, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून निघाल्या, की घरांना कुलूप लागतं आणि पाठपुरावा तुटतो. म्हणून पहिलं बोलणं टोळ्या निघायच्या आधी व्हावं, दुसरं त्या परतल्यावर. त्याची तारीख कार्डावर लिहिलेली असावी, ती पाळण्याची जबाबदारी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असावी आणि आशाताईला प्रत्येक पाठपुराव्याचा मोबदला मिळावा. सल्ला अर्ध्या मिनिटात देता येतो. खर्च पाठपुराव्याला येतो, आणि तरतूद त्याचीच करायला हवी.