चेहऱ्याचा रक्तस्राव थांबत नसेल तर

अपघातात चेहऱ्याची हाडे मोडली की कधी कधी नाका-तोंडातून रक्ताची धार लागते. रक्त श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. जखमी शुद्धीवर असेल तर त्याला उताणे न झोपवता पुढे झुकून बसू द्या आणि 108 ला फोन करा.

डॉक्टर आधी नाकात पट्टी भरून रक्त दाबतात. तरीही थांबले नाही तर ‘एम्बोलायझेशन’ करता येते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती चेहऱ्याच्या फुटलेल्या धमनीपर्यंत नेतात आणि स्पंजच्या बारीक तुकड्यांनी धमनी बुजवतात. चेहरा कापावा लागत नाही.

क्वचित तुकडा मेंदूकडे किंवा डोळ्याकडे गेल्यास लकवा, अंधत्व येऊ शकते. म्हणून सही करण्यापूर्वी धोका समजून घ्या. खर्चासाठी आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा.