कानातल्याची दांडी पक्की कशी बसवावी?

बचत गटातल्या बऱ्याच जणी आता घरी इमिटेशन दागिने जोडायचे काम घेतात. पत्र्याचे फूल, मागे दांडी, वर खडा. हे बारीक भाग फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने चिकटवतात. दांडी निसटली की नग परत येतो आणि मजुरी बुडते. म्हणून आज आपण या गोंदाची माहिती घेऊ.

हा गोंद हवेतल्या आणि वस्तूवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. थर पातळ असेल तर लगेच धरतो. थर जाड झाला तर आत ओला राहतो आणि भोवती पांढरट डाग पडतात. म्हणजे गोंद जास्त, तर जोड कच्चा!

आधी चिकटवायची जागा तेवढी पॉलिश पेपरने हलकी घासा. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, भाग पूर्ण कोरडे करा, मग त्या जागी बोट लावू नका. नळी थेट दागिन्यावर दाबू नका. प्लास्टिकच्या झाकणावर एक थेंब काढा आणि टाचणीच्या टोकाने राईपेक्षाही कमी गोंद लावा. दांडी चिमट्याने बसवा, मिनिटभर न हलवता धरा. पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, तोवर माल बांधू नका. हा गोंद ओढ सोसतो, पण धक्क्याने सुटतो. म्हणून लोंबते भाग कडीनेच जोडा.

आता काळजीचे. सुती कापडावर हा गोंद सांडला तर एकदम तापतो, चटका बसतो. पदराने पुसू नका, सुती हातमोजे घालू नका. पदरावर सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. वासाने डोळे चुरचुरतात, म्हणून खिडकीपाशी बसा. नळी डोळ्यांच्या औषधासारखी दिसते, त्यामुळे ती औषधांच्या डब्यात ठेवू नका आणि मुलांपासून लांब ठेवा. डोळ्यात गेलाच तर पापण्या ताणू नका. पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत दोन दांड्या बसवून बघा, एक भरपूर गोंदाने, एक टाचणीच्या टोकाने. दुसऱ्या दिवशी दोन्ही ओढून बघा आणि काय झाले ते आम्हाला कळवा.