फायबरची सब्रा आणि हरवलेले अर्थिंग



आमच्या लोदच्या गल्लीत ताडपत्रीखाली एक लाल मोटार उभी असते. शेजारची मुले तिला 'सबाची रेसिंग' म्हणतात. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ती बघताच ओळखू येईल. ती सब्रा स्पोर्ट! बाळांनो, सब्रा म्हणजे फड्या निवडुंगाचे बोंड, आणि या देशात जन्मलेल्यालाही सब्रा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण गंमत अशी की ही सब्रा इंग्लंडात जन्मली. हैफाजवळच्या तिरत कार्मेलच्या ऑटोकार्स कंपनीचे इत्झाक शुबिन्स्की यांनी तिकडे एकाकडची फायबरची बॉडी आणि दुसऱ्याकडची चेसिस पसंत केली. टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने ती जुळवून दिली, फोर्ड कॉन्सलचे १७०३ सीसीचे इंजिन बसवले, आणि एप्रिल १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी उभी राहिली. पहिल्या गाड्या टॅमवर्थलाच बनल्या, मग इथे. एकूण झाल्या त्या काहीशेच. याच कंपनीची सुसिता उंट खातात अशी दंतकथा होती. आम्ही तरी अजून तसा उंट पाहिलेला नाही.

तर गेल्या वर्षी शेजाऱ्यांची ही सब्रा रुसली. डावा इंडिकेटर लावला की तो लागायचा नाही, उलट मागचे दोन्ही लाल दिवे मिणमिणायचे. सकाळी सेल्फ मारला की "अर्र... अर्र..." करून गप्प. एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घातली, मग नवा सेल्फ घातला, बिल चांगले घसघशीत लावले आणि गाडी धक्का मारूनच परत पाठवली. नाव घेत नाही. मुलगा तरुण होता, त्याने असली गाडी कधी उघडलीच नसावी.

मग शेजाऱ्यांनी आमच्या काकांना बोलावले. काका १९६९ साली अलिया करून आले. त्याआधी भायखळ्याच्या एका मोटार कारखान्यात वायरिंगचे काम करत. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरतात, पण हाताला अजून कंप नाही.

दिव्यांचे कोडे त्यांनी तासाभरात सोडवले. मुलांना जवळ बोलावून म्हणाले, "वीज बॅटरीतून निघते, दिव्यात जाते, आणि तिला परत घरी यायला वाट लागते. मुंबईत आपल्या मॉरिस-फियाट लोखंडी. सगळी बॉडीच परतीची वाट. पण ही फायबरची. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून हिच्या प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार, चेसिसपर्यंत." ती तार गंजली की बिचारी वीज दुसरी वाट धुंडते. इंडिकेटरची वीज शेजारच्या लाल दिव्यात शिरते, तिथून मागच्या वायरने पलीकडच्या दिव्यात, आणि तिकडून कशीबशी घरी. म्हणून भलतेच दिवे लुकलुकतात. दोष दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. काकांनी सहा जागी चेसिस पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, नट आवळले, वर व्हॅसलिन फासले. इंडिकेटर टकटक करू लागला.

सेल्फ मात्र हटेना. काकांनीही आधी बॅटरीवरच संशय घेतला, हे सांगायला हवे. एक छोटा बल्ब आणि दोन वायरी घेऊन त्यांनी इंजिनाचे अर्थिंग तपासले. बल्ब लख्ख लागला. "अर्थिंग तर ठीक आहे," असे म्हणून ते चहा प्यायला बसले.

दुसऱ्या सकाळी शेजाऱ्यांची नात पुढच्या सीटवर बसली होती. सबा सेल्फ मारत होते. तिचा हात चोकच्या मुठीवर. ती म्हणाली, "सबा, ही गरम का लागते?"

इंजिन रात्रभर थंड पडलेले. काकांच्या हातातला पाना खाली पडला. "आधी उतर! सेल्फ सोडा!" डॅशबोर्डामागून जळक्या रबराचा वास येऊ लागला होता. काकांनी बॅटरीची एक वायर काढली तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, म्हणजे चेसिसपासून अलगच. दोघांना जोडायला तांब्याची जाड वेणी असते. गाडीखाली शिरून पाहिले तर ती हिरवी पडली होती, जेमतेम चार-पाच तारा शाबूत. सेल्फला दोनशेच्या आसपास अँपिअर लागतात, ते त्या चार तारांतून जाणार कसे? म्हणून वीज चोकच्या बारीक लोखंडी केबलने मुठीकडे आणि तिथून डॅशबोर्डाच्या नाजूक अर्थिंगच्या वायरने परतत होती. ती केबलच तापत होती. दोन-चार वेळा सेल्फ दाबला असता तर वायरीने पेट घेतला असता, आणि फायबर जळते, वर पेट्रोलही जवळच.

मग काल बल्ब कसा लागला? हा प्रश्न त्या नातीनेच विचारला, आणि काका खूश झाले. बल्बला अर्धा अँपिअरही पुरतो. त्याला चार तारा म्हणजे हमरस्ता. जाड अर्थिंगची परीक्षा सेल्फ फिरत असतानाच व्होल्टमीटरने करायची, इंजिनाचा ठोकळा आणि बॅटरीचे अर्थिंगचे टोक यांच्यामध्ये. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले की वाटेत कुठेतरी चोर आहे. इथे साडेचार दाखवले! नवी वेणी घालताच शून्याच्या जवळ आले, आणि जुन्या सेल्फनेही इंजिन झटकन फिरवले. नवा फुकटच घेतला होता.

बाकी किरकोळ. उन्हाळ्यात गरम झाल्यावर गाडी बंद पडे, कारण पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटलेला. आत पेट्रोलची वाफ होई. पाइप चार बोटे दूर सरकवला. ब्रेकचे तेल मात्र रंगावर सांडवले कोणीतरी, त्याचा डाग तसाच राहिला आहे.

जुनी हिरवी वेणी नातीने मागून घेतली, ती तिच्या वहीला दोऱ्याने बांधलेली आहे. आता पेट्रोलचा काटा हलत नाही. मुले म्हणतात, अर्थिंग. काका म्हणतात, आधी टाकीत पेट्रोल आहे का बघा.