लग्नाआधीचा करार: ऐकीव समजुती आणि कायदा

परदेशी मालिका आणि नटनट्यांच्या घटस्फोटांच्या बातम्यांमुळे ‘प्रीनप’ आता आपल्या घरांतही पोचलं आहे. मुलाच्या नावावर फ्लॅट असतो, मुलीने स्वतःच्या कमाईतून गुंतवणूक केलेली असते. मग लग्नाआधी करार करून टाकावा का, असं आईवडील वकिलाला विचारतात. विचारणं रास्तच आहे. पण त्यामागच्या बहुतेक समजुती ऐकीव असतात, आणि त्यांच्या भरवशावर खरोखर करायची कामं राहून जातात.

‘लग्न झालं की अर्धी मालमत्ता जोडीदाराची’

महाराष्ट्रात असं काही नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 घ्या किंवा विशेष विवाह कायदा, 1954 घ्या, नुसत्या लग्नाने कुणाची मालकी बदलत नाही. लग्नाआधी तुमच्या नावावर असलेली जमीन, घर, शेअर नंतरही तुमचेच. बायकोने स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या घरावर नवरा मालकी सांगू शकत नाही, आणि नवऱ्याच्या घरावर बायकोही नाही. घटस्फोटात न्यायालय देतं ती पोटगी. तिला मालमत्तेची वाटणी समजू नये. पोटगी ठरवताना दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहिली जाते. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापासून दोघांनाही आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. त्यामुळे सधन जोडीदाराला जास्त रक्कम द्यावी लागू शकते, पण ‘अर्धं’ हा हिशोब त्या कायद्यांत कुठेच नाही.

याची दुसरी बाजू कटू आहे. नोकरी सोडून वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईच्या नावावर काही नसेल, तर तिच्या हाती पोटगीच येते. म्हणून ‘मुलाची मालमत्ता कशी वाचवायची’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना जास्त, ‘मुलीच्या हातात काय राहणार’ हा प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं.

‘स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या की झालं’

पाचशेचा स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का एवढ्याने करार पक्का होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 23 प्रमाणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध जाणारा करार रद्दबातल ठरतो. ‘घटस्फोट झाला तर पोटगी मागणार नाही’ अशी आधीच लिहून घेतलेली अट न्यायालयात टिकत नाही. मुलांचा ताबाही आगाऊ ठरवता येत नाही. तो मुलाचं हित पाहून ठरतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 ने बाईला दिलेला राहत्या घरात राहण्याचा हक्क सही घेऊन काढून टाकता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

तरीही असा कागद अगदीच निरुपयोगी नसतो. लग्नाच्या वेळी कुणाचं काय होतं, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज होतं, याची दोघांच्या सहीची नोंद पुढे पुरावा म्हणून कामी येऊ शकते. मुस्लिम कायद्यात तर निकाह हाच करार. मेहर आणि कायद्याला धरून असलेल्या अटी निकाहनाम्यात लिहिता येतात.

‘भारतात असा करार चालतच नाही’

बांदा सोडून गोव्याचा पत्रादेवी नाका ओलांडला की चालतो. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. तिथे लग्नाआधीचा करार ही जुनी, रुळलेली गोष्ट आहे.

करार केला नाही, तर गोव्यात ‘सामायिक मालमत्ता’ ही पद्धत आपोआप लागू होते. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, वारशाने आलेलं, असं दोघांचं जवळजवळ सगळं एकत्र येतं आणि त्यात प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. घर किंवा जमीन विकायची तर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात. एक जण गेला तर निम्मं आधीच दुसऱ्याचं असतं, वारसांचा प्रश्न उरलेल्या निम्म्यापुरता. आयकर कायद्यानुसार अशा जोडप्याचं घरभाडं, व्याज, धंद्यातलं उत्पन्नही निम्मं निम्मं धरलं जातं, पगार तेवढा ज्याचा त्याचा. हे नको असेल, तर लग्नापूर्वी सार्वजनिक दस्त करून मालमत्ता वेगळ्या ठेवता येतात, किंवा लग्नानंतर मिळवलेलं तेवढंच सामायिक ठेवता येतं. घरगुती कागद तिथे चालत नाही, आणि एकदा लग्न झालं की पद्धत बदलता येत नाही.

मुंबई-पुण्यातली अनेक घरं गोव्याशी सोयरिकीने जोडलेली आहेत. त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोमंतकीय माणसाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेचा वारसाही याच संहितेप्रमाणे ठरतो. तो खटला मुंबईतल्या मालमत्तेचाच होता. सोयरिक गोव्यात होत असेल, तर विवाह नोंदणीच्या सह्यांआधी तिथल्या वकिलाला भेटणं मी अत्यावश्यक मानतो.

‘हप्ते मी भरते, म्हणजे घर माझंही’

नोकरी करणाऱ्या मुलींचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. बुकिंग लग्नाआधी झालेलं, करारनाम्यावर एकट्या नवऱ्याचं नाव. बँकेला दोघांचे पगार हवे असतात म्हणून बायकोला कर्जात घेतात. ती सहकर्जदार होते, सहमालक होत नाही. हप्ता थकला तर बँक तिच्याही मागे लागते, पण घराच्या कागदावर ती कुठेच नसते. पुढे बिनसलं, तर आपण किती भरलं हे बँकेच्या उताऱ्यांवरून तिलाच सिद्ध करत बसावं लागतं. त्यापेक्षा खरेदीच्या करारनाम्यातच दोघांची नावं आणि टक्केवारी घालावी. 60:40 असेल तर तसं लिहावं. नंतर नाव घालायचं तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येतं. महाराष्ट्रात पतीपत्नींमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा, आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमती घ्यावी लागते.

‘दागिने घरचेच, सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत’

लॉकर कुणाचंही असो, स्त्रीधन तिचंच. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं. सासरकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं. अडचण येते पुराव्याची. दहा वर्षांनी ‘पाटल्या दिल्याच नव्हत्या’ म्हटलं तर दाखवायचं काय?

याची सोय 1985 च्या हुंडा प्रतिबंध नियमांत आहे. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. आपल्याकडे सुपारी फुटली की मानपानाच्या याद्या मोठ्या हौसेने लिहिल्या जातात. ही यादी मात्र क्वचितच होते. ती अशी लिहावी: पाटल्या दोन, 22 कॅरेट, वजन इतके ग्रॅम, पेढीची पावती अमुक, वडिलांकडून. मंगळसूत्र, सासूबाईंकडून. सोबत फोटो आणि पावत्यांच्या प्रती. सह्या मागताना संकोच वाटेल, पण नियमच तसा आहे हे मोकळेपणाने सांगावं.

‘माझ्या नावावर आहे, म्हणजे माझ्या माणसांना मिळेल’

नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलं की काम झालं, असं अनेकींना वाटतं. नॉमिनी साधारणपणे रक्कम ताब्यात घेणारा असतो, वारस त्याच्याकडून मागू शकतात. आणि हिंदू वारसा कायदा, 1956 चं कलम 15 वाचलं तर धक्काच बसतो. मृत्युपत्र न करता विवाहित स्त्री गेली, तर तिची स्वकष्टाची मालमत्ता आधी मुलं आणि पती यांना मिळते. ते नसतील तर पतीच्या वारसांना, म्हणजे सासू किंवा दिरांना. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी, तिला मुलं नसतील तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते.

कमावत्या मुलीसाठी म्हणूनच मृत्युपत्र प्रीनपपेक्षा जास्त मोलाचं आहे. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. साधा कागद, तारीख, सही आणि ती सही पाहणारे दोन साक्षीदार पुरतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. हिंदूंचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी यांचं होतं, त्यांनी ते लग्नानंतर नव्याने करावं. लग्नाचं प्रमाणपत्र हाती आलं की त्याच महिन्यात नवराबायकोने आपापलं मृत्युपत्र लिहून टाकावं.