जमिनीलगत आलेली मस्टँग आणि बाजूने सुटणारा धूर

१९६५ साली कॅरल शेल्बी यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून फोर्ड मस्टँगचा जीटी-३५० हा अवतार बाहेर पडला. त्याच्या सायलेन्सरच्या नळ्या मागच्या बंपरपर्यंत जातच नव्हत्या. दोन्ही बाजूंना, मागच्या चाकांच्या थोडं अलीकडे, त्यांची तोंडं गाडीच्या पोटाखालून बाहेर डोकावत. वळणावर पकड वाढावी म्हणून याच गाडीत पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्मही एक इंच खाली बसवला होता. आज अमेरिकेत जुनी मस्टँग, कॅमारो किंवा शेव्हेल दोन-तीन इंच खाली आणणारे हौशी लोक बाजूने धूर सोडण्याच्या याच वाटेकडे वळतात. आवाजाची हौस असतेच, पण माझ्या मते खरं कारण जागेचं आहे.

मूळ गाडीत सायलेन्सरची नळी मागच्या ऍक्सलवरून कमान करून मागे जाते. ऍक्सल आणि गाडीचा तळ यांच्यामधल्या पोकळीत ती बसवलेली असते. गाडी दोन इंच खाली आणली की तळ दोन इंच खाली येतो, पण ऍक्सल चाकांना बांधलेला असल्यामुळे जागचा हलत नाही. पोकळी तेवढीच घटते. खड्ड्यात चाक वर उसळलं की ऍक्सल नळीवर आणि नळी तळावर आदळते. ऍक्सलखालून नळी न्यावी, तर तीच गाडीचा सर्वांत खालचा भाग होते आणि पहिल्याच गतिरोधकावर घासते. मग ऍक्सलच्या आधीच वळून बाहेर पडणं, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

पण बाहेर पडायचं कुठून? १९६५-६६ च्या मस्टँगला वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो, आणि त्यातले पुढचे व मागचे तळदांडे एकमेकांना जोडलेले नसतात. इंजिनाची ताकद वाढवली की सांगाडा पिळवटू नये म्हणून मालक दोन्ही दांड्यांना जोडणारा पोलादी दुवा वेल्ड करून घेतात. आपल्या नळीला नेमका हा दुवा आडवा ओलांडावा लागतो. पुढे लगेच मागच्या सस्पेन्शनच्या पाट्याचं पुढचं टोक पिनेने गाडीला जोडलेलं असतं. हँडब्रेकची केबलही जवळूनच जाते. शेवटी येते दाराखालची पत्र्याची पेटी. ती शोभेची नाही. सांगाड्याचा बराच भार तिच्यावर असतो. नळीच्या तोंडासाठी तिला खाच पाडली, तर आतून नवा पत्रा वेल्ड करून ती पुन्हा चारही बाजूंनी बंद करावीच लागते. शेव्हेलला स्वतंत्र चौकट असते आणि तिचे दांडे गाडीच्या कडेनेच जातात, त्यामुळे तिथे नळी एक तर दांड्याखालून न्यायची, नाही तर दांड्याला भोक पाडून त्यात जाड पोलादी बाही वेल्ड करायची. सन १९६८ च्या डॉज चार्जरमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार पुढच्या आसनांखालच्या आडव्या दांड्यापर्यंत येतात. तिथे अडचण आणखी अलीकडे सुरू होते.

दुव्याखालून जाताना एकेक मिलिमीटर मोलाचा, म्हणून मला चपटी नळी मनापासून आवडते. तीन इंच व्यासाच्या गोल नळीचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस इंच भरतं. तिचा परीघ तोच ठेवून उंची सव्वादोन इंचांपर्यंत दाबली, तर रुंदी साधारण ३.४ इंच होते आणि क्षेत्रफळ सुमारे ६.६ चौरस इंच उरतं. वायूच्या वाटेत सहा-सात टक्के तोटा, पण जमिनीपासूनच्या उंचीत पाऊण इंचाची कमाई. नॅस्कारच्या शर्यतींत दाराखालून बाहेर येणाऱ्या चपट्या, रुंद नळ्या याच गरजेतून आल्या. फक्त त्या दाबताना आतला पत्रा चुरगळलेला नको. वळणंही आत दांडा घालून वाकवलेली घ्यावीत, म्हणजे वळणावर व्यास आवळत नाही.

मोजमाप नेहमी गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं. दोन खांबी लिफ्टवर चाकं लोंबकळतात, ऍक्सल खाली जातो आणि नसलेली जागा दिसू लागते. चार खांबी लिफ्टवर गाडी स्वतःच्या वजनाने बसते. तिथेही सस्पेन्शन पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहायचं. इंजिनाजवळचा भाग अनेक जण विसरतात: लांब हेडरच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या, चार नळ्या जिथे एकत्र येतात, तो जोड खाली आणलेल्या गाडीत बहुधा सर्वांत खालचा असतो. तो आधी पाहावा. तिथे नळी घासणार असेल, तर मागे कितीही कौशल्य लावलं तरी उपयोग नाही.

वेल्डिंग आधी फक्त टिपक्यांचं. पूर्ण मार्ग बसून प्रत्येक भागापासून किमान अर्धा इंच अंतर मिळालं, की मगच सांधे पक्के करायचे. हे अंतर हवंच, कारण तापलेलं पोलाद वाढतं. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची दीड मीटर नळी ४०० अंश सेल्सिअसने तापली, तर दहा मिलिमीटरच्या आसपास लांबते. साधं पोलाद सुमारे सात. दोन्ही टोकं घट्ट आवळली, तर वेल्ड तडकतो किंवा हेडरवर ताण येतो. म्हणून रबरी हँगर, आणि खोलता येतील असे व्ही-बँड क्लॅम्प.

आता आवाज. फोर्डच्या २८९ घनइंची व्ही-८ चा प्रज्वलनक्रम १-५-४-२-६-३-७-८ असा आहे. उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. त्यामुळे उजव्या नळीत येणाऱ्या ठोक्यांमधली अंतरं १८०, ९०, १८०, २७० अंश अशी विषम पडतात. व्ही-८ ची ती प्रसिद्ध गुरगुर इथून येते. दोन्ही बाजूंच्या नळ्या मध्ये जोडल्या नाहीत, तर प्रत्येक बाजूचा माणूस फक्त अर्धं इंजिन ऐकतो आणि आवाज खरखरीत होतो. गिअरबॉक्सजवळ जागा असेल, तर दोन्हींना जोडणारी आडवी नळी मी जरूर घालायला सांगेन. मार्ग इतका आखूड असतो, की मफलरलाही एक-दीड हातापेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि तोंड प्रवाशाच्या कानाजवळ येतं. जीटी-३५० च्या काळातही काही राज्यांत अशा नळ्या चालत नव्हत्या. कॅलिफोर्नियात आज हलक्या वाहनांसाठी ९५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत बदल करण्यावरच बंधन घालतं.

एका गोष्टीत तडजोड नको. नळीचं तोंड गाडीच्या कडेबाहेर आलंच पाहिजे आणि मागच्या दिशेला तिरकं कापलेलं हवं. ते पत्र्याखालीच संपलं, तर धूर तळाखाली साचतो आणि जुन्या तळातल्या भोकांतून, झिजलेल्या दार-रबरांतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. भोकं बुजवा, रबरं नवी घाला, आणि पेट्रोलची व ब्रेकची नळी जवळून जात असेल तिथे उष्णतारोधक पत्रा लावा. पहिली लांब फेरी झाल्यावर गाडी पुन्हा वर घ्या. नळीवर कुठे ताजी चकाकणारी खरचट दिसली, तर त्या जागचा हँगर हलवा आणि सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा.